डीपीचा आवाज आणि वात्स्यायनाची नदी

चौकाच्या कडेला दोन खांबांवर बसवलेला डीपी दिवसरात्र घुमत असतो आणि त्याच्याकडे कुणाचंही लक्ष नसतं. लक्ष जातं ते आवाज बदलला की. घुमणं जड होतं, किंवा मध्येच खडखड येते, किंवा पावसाची भुरभुर सुरू झाल्यावर वरच्या बाजूने चरचर ऐकू येते, आणि खाली उभी असलेली माणसं एकमेकांना सांगू लागतात की आतलं काहीतरी गेलं. सरकारी कागदावर ज्याला रोहित्र म्हणतात त्या पेटीचं आतलं कुणालाच दिसत नाही. पत्र्याची बंद टाकी, तिच्यात तेल, तेलात बुडालेली गुंडाळी आणि पोलादाचा गाभा. बाहेर येतो तो फक्त आवाज. त्या आवाजावरून आतल्या बिघाडाबद्दल ‘कळलं’ म्हणण्याचा अधिकार आपल्याला कितपत आहे? प्रश्न वीजखात्याचा वाटतो, पण भारतीय दर्शनांनी हजार-दीड हजार वर्षं ज्या प्रश्नावर डोकेफोड केली त्याचंच हे रोजच्या वापरातलं रूप आहे. कार्य समोर आहे, कारण झाकलेलं आहे. कार्यावरून कारणाकडे जाणं हे ज्ञान की अंदाज? याच वाटेने पुढे गेलेल्यांनी जग हे कार्य मानून त्याच्या कर्त्यापर्यंत, म्हणजे ईश्वरापर्यंत मजल मारली. तेव्हा या वाटेवर कुठवर जाता येतं हे डीपीखाली उभं राहून तपासलं, तर त्यातून बरंच काही ठरतं.

आधी निरोगी आवाजाबद्दल. डीपी घुमतो तो ‘वीज वाहते म्हणून’, अशी सर्वसाधारण समजूत असते. प्रत्यक्षात घुमतं ते पोलाद. लोखंडाला चुंबकत्व दिलं की त्याची लांबी अगदी किंचित बदलते, हे जेम्स जूल याने १८४० च्या दशकात दाखवलं. रोहित्राचा गाभा पाव मिलिमीटरच्या आसपास जाडीच्या पोलादी पत्र्यांचा थर असतो आणि मीटरभर पत्रा ताणला जातो तो मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या हिशेबात. पण हे ताणणं-आखडणं सेकंदाला शंभरदा होतं. आपल्याकडे वीजप्रवाह सेकंदाला ५० आवर्तनं करतो, आणि चुंबकत्वाची दिशा कुठलीही असली तरी पत्र्याचं ताणलं जाणं तेच असतं; म्हणून एका आवर्तनात दोन हेलकावे, आणि आवाजाचा मूळ स्वर १०० हर्ट्झचा. काळी एकमध्ये लावलेल्या तंबोऱ्याच्या मंद्र पंचमापेक्षा जरासा खाली. अमेरिकेत प्रवाह ६० आवर्तनांचा, त्यामुळे तिथला डीपी १२० वर घुमतो. आपल्या डीपीला षड्ज मानलं तर तो कोमल गंधार झाला. गायकाला यात गंमत वाटेल. तर्क करणाऱ्याला मात्र यातून एक गोष्ट पक्की मिळते: निरोगी आवाजालाही कारण आहे, आणि ते माहीत असल्याशिवाय ‘वेगळा’ आवाज या शब्दाला अर्थ येत नाही.

आता नदीकडे. गौतमाच्या न्यायसूत्रांवर वात्स्यायनाचं भाष्य आहे. हा कामसूत्रवाला वात्स्यायन नव्हे, नाव तेवढं सारखं. अनुमानाचे प्रकार सांगताना तो कार्यावरून कारण ओळखण्याचं उदाहरण देतो ते फुगलेल्या नदीचं: नदीला पूर आलेला दिसला की वरच्या अंगाला पाऊस झाला, हे कळतं. पुढे सूत्रकारच स्वतःवर आक्षेप ओढवून घेतात. नदी बांध घातल्यानेही फुगते. मुंग्या अंडी घेऊन निघाल्या की पाऊस येणार म्हणतात, पण वारूळ कुणी उकरलं तरी त्या निघतात. मोराची केका ऐकून मोर आहे म्हणावं, तर माणूसही तसा आवाज काढू शकतो. मग अनुमान हे प्रमाण कसलं? तीन उदाहरणांपैकी एक आवाजाचं आहे, हे आपल्या कामाचं. उत्तर असं दिलं आहे की तुम्ही ज्याला चिन्ह म्हणता ते चिन्हच नव्हे. कुठलंही फुगणं म्हणजे पावसाची खूण नाही. पाणी गढूळ झालेलं, ओढ वाढलेली, फेस, पानं, फळं, लाकडं वाहत आलेली, असा पूर ही खूण आहे. बांधाने तुंबलेलं पाणी असं नसतं. केकेतला फरक माणसाला कळला नाही, म्हणून तो फरक नाहीसा होत नाही. सापाला तो कळतो. आणि शेवटी भाष्यकार एक निवाडा देतो: चूक अनुमान करणाराची आहे, अनुमानाची नव्हे.

हा निवाडा मला पटतो, पण तो जितका सोपा दिसतो तितका नाही. ‘डीपी आवाज करतोय’ एवढ्यावरून ‘डीपी बिघडला’ म्हणणं, हे फुगलेली नदी पाहून पाऊस म्हणण्यासारखं आहे. आवाजाला विशेषणं लागली पाहिजेत. घुमणं तेच, फक्त वाढलेलं, स्थिर, रात्री उशिरा अधिक: व्होल्टेज चढलेलं असण्याची शक्यता मोठी, कारण भार उतरला की व्होल्टेज वर जातं आणि गाभ्याला जास्त चुंबकत्व सोसावं लागतं. संध्याकाळी पंप आणि दिवे सुरू झाले की वाढणारा आणि भार उतरला की उतरणारा आवाज गुंडाळीकडे बोट दाखवतो, कारण तारांमधला धक्का प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. धातूवर धातू आपटल्याची खडखड बहुधा बाहेरची असते: रेडिएटरची पट्टी, सैल झालेला बोल्ट, कधी नुसती नावाची पाटी. चरचर बुशिंगवरून येत असेल आणि धुळीवर भुरभुर पडल्यावरच येत असेल, तर ती पृष्ठभागावरची गळती. हीच तडतड टाकीच्या आतून, कोरड्या दिवशीही येत असेल तर आत ठिणगी पडते आहे आणि तिथे वाट पाहण्यात अर्थ नाही, सप्लाय बंद करायचा. तेलात गुडगुड ऐकू आली तर कुठेतरी तेल तापून उकळत आहे. आणि डीपी नुकताच चालू केल्यावर जो मोठा हुंकार येऊन काही क्षणांत बसतो, तो रोग नव्हेच. गाभ्यात उरलेलं चुंबकत्व आणि नवा प्रवाह यांची ती पहिली झटापट असते. सात आवाज, सात वाटा, आणि एरवी सगळ्यांना मिळून एकच शब्द: आवाज.

नैयायिकांनी या विशेषणांच्या शोधाला पुढे फार काटेकोर हत्यार दिलं. त्याचं नाव उपाधी. धुरावरून अग्नी ओळखता येतो, पण अग्नीवरून धूर नाही, कारण मध्ये ओल्या सरपणाची अट लपलेली असते. लोखंडाचा तापलेला गोळा धुराविना जळतो. दोन गोष्टींचा संबंध अशा लपलेल्या अटीवर टेकलेला असेल, तर व्याप्ती, म्हणजे त्यांची अटळ सोबत, खोटी. डीपीच्या बाबतीत उपाधी जागोजाग दबा धरून बसलेल्या असतात. रात्री आवाज ‘वाढतो’ हे म्हणणं घ्या. वाढतो हे खरं की रस्ता शांत होतो हे खरं? खांबावरून उतरवून डीपी नव्या चौथऱ्यावर बसवला आणि घुमू लागला, तर बिघाड डीपीत नाही, चौथऱ्याच्या आणि भिंतींच्या साथीत आहे. शंभर हर्ट्झला डोलणारी कुठलीही पत्र्याची शेड तंबोऱ्याच्या भोपळ्याचं काम करते. नवा डीपी आला आणि जुन्यापेक्षा जास्त वाजतो, म्हणून तो वाईट, हेही तसंच. क्षमता मोठी असेल तर गाभा मोठा, आवाजही मोठा. तर्कसंग्रहाची आठल्ये-बोडस यांची आवृत्ती मुंबईच्या संस्कृत मालेत निघाली आणि भीमाचार्य झळकीकरांचा न्यायकोश पुढे पुण्यात वासुदेवशास्त्री अभ्यंकरांनी संस्कारून काढला. महाराष्ट्रात न्यायाच्या अभ्यासाची साधनं अशी हाताशी आहेत. पण पर्वतावरच्या धुरापलीकडे आपण उपाधीचं उदाहरण क्वचितच शोधतो, आणि ते चौकात टांगलेलं असतं.

इथे फक्त प्रत्यक्ष मानणारा चार्वाक उठतो, आणि त्याला दमात घेऊन बसवणं बरोबर नाही. त्याचं म्हणणं असं: उपाधी नाही हे तुम्हाला कसं कळलं? तुम्ही दहा उपाधी तपासल्या, अकरावी राहिली. तत्त्वोपप्लवसिंह लिहिणाऱ्या जयराशी भट्टाने तर अनुमानाबरोबर प्रत्यक्षालाही सोडलं नाही. आणि अकरावी उपाधी ही काही शब्दांची करामत नाही. १३ मार्च १९८९ रोजी कॅनडातल्या क्वेबेक प्रांताची वीज दीड मिनिटात कोसळली आणि साठ लाख लोक तासन् तास अंधारात राहिले. कारण सूर्यावर होतं. सौर वादळाने पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र हललं, जमिनीतून मंद, जवळजवळ एकाच दिशेचा प्रवाह निघाला आणि जमिनीला जोडलेल्या न्यूट्रलमधून मोठ्या रोहित्रांत शिरला. अशा प्रवाहाने गाभा एका अर्ध्या आवर्तनात चुंबकत्वाने तुडुंब भरतो, दुसऱ्या अर्ध्यात नाही. रोहित्र गर्जू लागतं, आणि त्यात काहीही सैल नसतं, काहीही जळालेलं नसतं. बोल्ट तपासणारा वायरमन आयुष्यभर तपासत बसला तरी सूर्याकडे बोट दाखवणार नाही. तेव्हा चार्वाकाचा मुद्दा असा उरतो की यादी कधीच पूर्ण होत नाही.

पूर्ण होत नाही, हे मान्य. पण चार्वाकाने याच उदाहरणाकडे आणखी थोडं कान देऊन पाहावं. दोन्ही अर्धी आवर्तनं सारखी असताना पत्रा शंभरदा ताणला जात होता. ती सारखी राहिली नाहीत की आवाजात ५० आणि १५० हर्ट्झचे, एरवी नसणारे स्वर उतरतात. म्हणजे गर्जना तीच वाटली तरी तिचा पोत वेगळा आहे, जसं गढूळ पाणी वेगळं. नवी उपाधी सापडली ती अनुमान मोडल्याने नव्हे. चिन्ह आणखी बारकाईने पाहिल्याने सापडली. बौद्ध तार्किकांनी हे नेमकं धरलं होतं: नीट पारखून घेतलेलं कार्य आपल्या कारणाला सोडून जात नाही. सगळा भार ‘नीट पारखून’ या दोन शब्दांवर आहे. शंकेला अंत नाही हे खरं, पण शंका घेणाऱ्यालाही जेवायचं असतं, आणि जेवणाने भूक भागेल यावर तो शंका घेत नाही. नैयायिक उदयनाचं उत्तर जवळपास हेच होतं: तुमच्या स्वतःच्या वागण्याशी विरोध येईपर्यंतच शंका चालते.

पण पारखायचं कसं, याबाबत मला वात्स्यायनात एक जागा अपुरी वाटते. त्याचा पाहणारा काठावर उभा आहे. नदी वाहते, तो पाहतो. नदीला तो हात लावत नाही. डीपीखालचा जाणकार तसा उभा राहत नाही. तो आधी एलटी, म्हणजे कमी दाबाच्या, बाजूचा भार उतरवतो, वरचा ११ केव्हीचा सप्लाय तसाच ठेवतो आणि ऐकतो. आवाज पडला तर तो प्रवाहाशी बांधलेला होता. तसाच राहिला तर प्रवाहाचा संबंध सुटला, गाभा आणि व्होल्टेज उरलं. मग व्होल्टेज मोजायचं. ज्या रोहित्राला टॅप आहेत तिथे डीओ (ड्रॉप-आउट फ्यूज) पाडून, अर्थिंग करून, पूर्ण मृत करून टॅप बदलायचा, पुन्हा चालू करून ऐकायचं. ही कृती म्हणजे अनुमानानंतरची पडताळणी नव्हे. अनुमानातल्या चिन्हाला विशेषण तिच्यामुळेच लागतं. ‘भार काढल्यावर न उतरणारा आवाज’ हे चिन्ह निसर्गाने दिलेलं नाही, हाताने घडवलेलं आहे. भाष्याच्या पहिल्याच वाक्यात वात्स्यायनाने प्रमाणाची किंमत सफल प्रवृत्तीत, म्हणजे कामाला आल्यात, ठेवली आहे; पण ती प्रवृत्ती तो ज्ञानानंतर ठेवतो. इथे ती ज्ञानाच्या पोटात आहे. (चालू डीपीच्या टाकीला काठी टेकवून कानाने ऐकण्याची जुनी सवय ही मात्र पारख नव्हे, मरण्याची तयारी आहे.)

यावर जुन्या वायरमनच्या वतीने एक हरकत येईल. तो न्यायातलं पाच अवयवांचं अनुमानवाक्य मांडत नाही, उपाधी मोजत नाही. तो गाडी थांबवतो, कान टवकारतो आणि म्हणतो ‘बोल्ट सैल आहे’. त्याला सैलपणा ऐकू येतो. मग हे अनुमान कशाला म्हणायचं? नव्य नैयायिकांकडे यालाही खण आहे. लांबून चंदन पाहिलं की ते सुगंधी दिसतं, जरी वास डोळ्यांना येत नाही. पूर्वीचं ज्ञान आताच्या पाहण्यात मिसळतं. वायरमनचा कान असाच मुरलेला आहे, हे मी मानतो. पण त्याचा शब्द आणि कुणाचा तरी आगाऊ अंदाज यांत फरक करायचा झाला, तर एकच उपाय आहे: ‘कशावरून?’ असं विचारायचं. पहिला सांगू शकतो. सांगितल्यावर ते दुसऱ्यासाठीचं अनुमान होतं आणि तपासता येतं. न सांगता आलेलं बरोबर निघालं तरी ते त्याच्यापाशीच राहतं, आणि तो निवृत्त झाला की त्याच्याबरोबर जातं. अनुभवाचा मान राखायचा तर त्याला प्रश्न विचारायलाच हवेत.

दुसरी हरकत तरुण इंजिनिअरची. आता कानाचा जमाना गेला. ध्वनीचं पृथक्करण करणारी यंत्रं आहेत, तेलाचा नमुना प्रयोगशाळेत जातो, त्यात विरघळलेले वायू मोजतात. शिवाय ज्यांना नाद हा आकाशाचा गुण वाटत होता त्यांच्याकडून आवाजाबद्दल काय शिकायचं? आकाशाबद्दल नैयायिक चुकले, हे निःसंशय. पण वायू मोजणं म्हणजे बिघाड पाहणं नव्हे. हायड्रोजन निघाला तर सूक्ष्म विद्युत्स्राव, एथिलीन वाढलं तर तापलेलं तेल, अॅसिटिलीन आलं तर ठिणगी, हीच धूर आणि अग्नीची जोडी आहे, फक्त धूर बाटलीत भरलेला. क्वेबेकच्याच वीजसंशोधन संस्थेत काम करणाऱ्या मिशेल दुवाल यांनी १९७० च्या दशकात मिथेन, एथिलीन आणि अॅसिटिलीन या तीन वायूंच्या प्रमाणावरून बिघाड ओळखण्याचा जो त्रिकोण बसवला, त्यामागे उघडून पाहिलेली रोहित्रं आहेत. म्हणजे व्याप्ती आधी प्रत्यक्षाने बांधली, मग ती बंद टाक्यांना लावली. यंत्राने चिन्ह बदललं, अनुमान तिथेच आहे. आणि खेड्यातल्या ६३ किंवा १०० केव्हीएच्या डीपीच्या तेलाचा नमुना वर्षानुवर्षं कोण घेतं?

आता ईश्वराचा मुद्दा. न्यायकुसुमांजलीच्या पाचव्या स्तबकात उदयनाचा पहिला आधार कार्यत्व हाच आहे: घट कार्य आहे, त्याला कुंभार आहे, जग कार्य आहे, त्याला कर्ता आहे. बौद्ध तार्किक धर्मकीर्तीने हे त्याच्या कितीतरी आधी फोडून ठेवलं होतं. नुसतं मातीचा आकार म्हणाल तर वारूळही कुंभारानेच केलं असेल. नुसतं पांढुरकं काही दिसलं म्हणून अग्नी म्हणता येत नाही. डीपीच्या भाषेत हा ‘आवाज येतोय, म्हणजे बिघाड’ असा तर्क आहे. ‘कार्य’ या शब्दाला विशेषण लागलेलं नाही, आणि लावण्याची सोयही नाही. शेजारचं निरोगी जग ऐकून ठेवलेलं नाही. कर्ता असलेली चार जगं उघडून पाहिलेली नाहीत. भार उतरवून पाहता येत नाही. उदयनासारख्या तीक्ष्ण माणसाने या जागी इतका भरवसा का ठेवला, याचं मला कोडं आहे. ज्या कसोटीवर वायरमन उत्तीर्ण होतो त्याच कसोटीवर हे अनुमान उत्तीर्ण होत नाही, आणि कसोटी दोघांसाठी वेगळी लावणं हा पक्षपात होईल. भक्ताचं यात काही जात नाही. पंढरीची वाट चालणारा कार्यत्वहेतू मांडून निघालेला नसतो.

मात्र उदयनाची दुसरी बाजू बळकट आहे, आणि ती डीपीलाही लागू पडते. ईश्वर दिसत नाही म्हणून नाही, असं म्हणणाऱ्याला तो तिसऱ्या स्तबकात अडवतो: न दिसण्यावरून नसणं तेव्हाच सिद्ध होतं, जेव्हा ती वस्तू असती तर दिसलीच असती. टेबलावर घडा नाही हे नुसतं पाहून कळतं. टेबलावर परमाणू नाही हे तसं कळत नाही. मीमांसक आणि नैयायिक यांचं अनेक बाबतींत जमत नाही, पण ही योग्यतेची अट दोघांनाही मान्य आहे. आवाजावर लिहिताना शांततेकडे दुर्लक्ष होतं, आणि खरा घोटाळा तिथेच होतो. डीपी नीट घुमतोय, वेगळा आवाज नाही, म्हणजे तो ठणठणीत, हे अनुमान रोज केलं जातं आणि ते वेगळ्या आवाजावरून केलेल्या घाईच्या अनुमानापेक्षा जास्त महाग पडतं. तेलात मुरणारी ओल आवाज करत नाही. गुंडाळीवरचा कागद वर्षांमागून वर्षं ठिसूळ होतो, त्याचाही आवाज नाही. जे असतं तरी ऐकू आलंच नसतं, ते ऐकू आलं नाही यातून काहीच निघत नाही. अशा बिघाडाची खूण कानासाठी नसते, कधी कधी ती डोळ्यासाठी असते. ज्या डीपीला ब्रीदर आहे त्याच्या काचेच्या डबीत निळी सिलिका जेल भरलेली असते. ती ओल पिऊन गुलाबी होते, आणि बऱ्याच ठिकाणी ती रस्त्यावरून दिसते.